व्होल्टमधून सूर: सिंथेसायझर घरी बांधायचा तर

१९६९ साली अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी एक मोग सिंथेसायझर उभा करून दिला. आज लग्नाच्या ऑर्केस्ट्रात दिसणाऱ्या कीबोर्डशी त्याचं फारसं साम्य नव्हतं. कपाटासारख्या पेटीत ओळीने बसवलेल्या धातूच्या पट्ट्या, त्यांवर फिरवायची बटणं, आणि एका पट्टीतून निघून दुसरीत शिरणाऱ्या तारा. गीता साराभाई आणि संस्थेतल्या इतरांनी त्यावर केलेलं संगीत कित्येक वर्षं टेपवर पडून होतं. ते २०२३ मध्ये सर्वांसाठी प्रसिद्ध झालं.

असं संगीत ऐकलं किंवा त्या तारांच्या जंजाळाचा फोटो पाहिला, की पहिला प्रश्न पडतो तो हा की या तारांतून नक्की वाहतं तरी काय. उत्तर एका शब्दाचं आहे: व्होल्टेज. सूर व्होल्टेज आहे, आणि त्या सुराला चढव-उतरव सांगणारा हुकूमही व्होल्टेजच आहे. एवढं समजलं की ब्रेडबोर्डवर, म्हणजे डाग न देता भाग नुसते खोचून जोडायच्या पाटीवर, सिंथेसायझर बांधायला एक रविवार पुरतो.

मॉड्युलर म्हणजे काय?

हार्मोनियमचा विचार करा. भाता हवा देतो, स्वरपट्टी थरथरते, पडदा कोणती पट्टी वाजणार ते ठरवतो. हे सगळं एकाच पेटीत कायमचं जोडलेलं असतं. भात्याचा दाब वाढला म्हणून सूर आपोआप वर जावा असं वाटलं, तरी तशी सोय करता येत नाही.

मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये ही कामं सुटी केलेली असतात. ऑसिलेटर थरथर निर्माण करतो. फिल्टर त्या आवाजातला चरचरीतपणा कमी-जास्त करतो. ॲम्प्लिफायर आवाज लहान-मोठा करतो. सीक्वेन्सर एकामागून एक ठरलेले हुकूम देतो. प्रत्येक काम म्हणजे एक मॉड्यूल, आणि कोणाचं बाहेर पडणारं व्होल्टेज कोणाच्या आत घालायचं, हे वाजवणारा तारेने ठरवतो. अमेरिकेत रॉबर्ट मोग आणि डॉन बुक्ला यांनी १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात एकमेकांपासून स्वतंत्रपणे ही पद्धत उभी केली.

सोसायटीची टाकी आणि ऑसिलेटर

सुरुवातीला सगळ्यात सोयीचा आयसी (अनेक भाग एकत्र असलेली छोटी चिप) म्हणजे सीडी ४०१०६. यात सहा ‘श्मिट ट्रिगर’ असतात. नाव अवघड आहे, काम सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीसारखं आहे. टाकीत दोन खुणा असतात. पाणी वरच्या खुणेला टेकलं की पंप बंद होतो, आणि ते खालच्या खुणेपर्यंत उतरल्याशिवाय परत सुरू होत नाही. म्हणून पाणी दोन खुणांमध्ये सतत वर-खाली होत राहतं.

इथे टाकी म्हणजे कपॅसिटर, दुकानातल्या भाषेत कंडेन्सर. नळी म्हणजे रेझिस्टर. ट्रिगरचं आउटपुट रेझिस्टरमधून कपॅसिटर भरतं. व्होल्टेज वरच्या खुणेला पोचलं की आउटपुट शून्यावर येतं आणि कपॅसिटर त्याच रेझिस्टरमधून रिकामा होऊ लागतो. खालची खूण आली की पुन्हा भरणं सुरू. टाकी लहान आणि नळी जाड असेल तर हे पटापट घडतं, म्हणजे सूर उंच. टाकी मोठी, नळी बारीक, तर सूर खर्जात.

९ व्होल्टवर याचा ढोबळ हिशेब असा: १.२ ला रेझिस्टर (ओहम) गुणिले कपॅसिटर (फॅरड) यांनी भागा, हर्ट्झ मिळतात. १० के (के म्हणजे हजार ओहम) आणि ०.१ मायक्रोफॅरड (मायक्रोफॅरड म्हणजे फॅरडचा दहा लाखावा भाग) घेतलं तर सुमारे १,२०० हर्ट्झ. ११० के घेतलं तर सुमारे ११०. दोन खुणांची जागा कंपनीगणिक थोडी बदलते, त्यामुळे आकडा पुढे-मागे होईल.

सामान

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकानं, किंवा ऑनलाइन. पहिल्या बांधणीचं सामान काहीशे रुपयांत येतं. दोन सीडी ४०१०६, एक एलएम ३८६, १०० केचे चार पॉट आणि १० केचा एक (पॉट म्हणजे फिरवायचं बटण असलेला, किंमत बदलता येणारा रेझिस्टर), १० के, १०० के आणि ४.७ केचे दहा-दहा रेझिस्टर, १० ओहमचा एक, ‘१०४’ छापलेले दहा सिरॅमिक कपॅसिटर (१०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड), ‘४७३’ चा एक, आणि इलेक्ट्रोलिटिकमध्ये १, १०, १०० व २२० मायक्रोफॅरड प्रत्येकी दोन. शिवाय ८ ओहमचा छोटा स्पीकर, दोन एलईडी, दोन एलडीआर, ब्रेडबोर्ड, जंपर वायर, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. मल्टिमीटर नसेल तर साधा का होईना, तो आधी घ्या. त्याच्याशिवाय चूक शोधणं म्हणजे अंधारात चाचपडणं.

आयसी घेताना त्यावरचा नंबर स्वतः वाचा. ७४एचसी१४ च्या पायांची मांडणी ४०१०६ सारखीच असते, पण तो ६ व्होल्टपर्यंतचा आहे आणि ९ व्होल्टवर जळतो. सीडी ४०६९ चे पायही तसेच, पण त्यात दोन खुणांची सोयच नाही, त्यामुळे या जोडणीत तो नीट चालत नाही.

पहिला सूर

आयसी ब्रेडबोर्डच्या मधल्या खाचेवर बसवा. त्याची खाच डावीकडे ठेवली की खालच्या ओळीतला डावीकडचा पहिला पाय १ नंबरचा, आणि तिथून उजवीकडे मोजत जायचं. पाय १४ ला अधिक ९ व्होल्ट, पाय ७ ला ग्राउंड, म्हणजे बॅटरीचं ऋण टोक. १४ आणि ७ यांच्यामध्ये, आयसीच्या अगदी जवळ, एक १०४ लावा.

पाय १ हे पहिल्या ट्रिगरचं इनपुट, पाय २ आउटपुट. पाय १ पासून ग्राउंडला एक १०४ कपॅसिटर. पाय २ पासून १० केचा रेझिस्टर, त्याच्या पुढे १०० केच्या पॉटचा मधला पाय, आणि पॉटचा एक कडेचा पाय परत पाय १ ला. एवढाच ऑसिलेटर. १० केचा रेझिस्टर वगळू नका. तो नसेल तर पॉट टोकाला गेल्यावर इनपुट आणि आउटपुट थेट जोडले जातात.

उरलेली इनपुट, म्हणजे पाय ३, ५, ९, ११ आणि १३, ग्राउंडला जोडा. ही पायरी सर्रास विसरली जाते. मोकळं सोडलेलं इनपुट हवेतला विजेचा गोंगाट पकडतं, आयसी उगाच करंट खातो आणि चालू ऑसिलेटरचा सूर थरथरायला लागतो.

स्पीकरपर्यंत

४०१०६ चं आउटपुट थेट स्पीकरला लावू नका. ८ ओहमला लागणारा करंट देण्याची त्याची ताकद नाही. मध्ये एलएम ३८६ हवा. पण त्याच्या इनपुटला अर्ध्या व्होल्टहूनही कमी पुरतो, आणि आपल्याकडे पूर्ण ९ व्होल्टची लाट आहे. म्हणून ती आधी उतरवायची: ऑसिलेटरच्या आउटपुटपासून १०० केचा रेझिस्टर, पुढे १ मायक्रोफॅरड (अधिक बाजू रेझिस्टरकडे), पुढे १० केच्या पॉटचं एक टोक. पॉटचं दुसरं टोक ग्राउंडला, मधला पाय ३८६ च्या पाय ३ ला. लाट सुमारे अकराव्या हिश्श्यावर येते आणि हाच पॉट आवाजाचं बटण होतो.

३८६ चे पाय २ आणि ४ ग्राउंडला, पाय ६ ला अधिक ९ व्होल्ट. पाय ५ पासून २२० मायक्रोफॅरडची अधिक बाजू, तिच्या ऋण बाजूपासून स्पीकर, स्पीकरचं दुसरं टोक ग्राउंडला. पाय ५ पासून ग्राउंडला १० ओहम आणि ४७३ एकापुढे एक, आणि पाय ६ व ४ मध्ये १०० मायक्रोफॅरड. हे शेवटचे भाग नसतानाही आवाज येतो, म्हणून लोक ते गाळतात. मग ॲम्प्लिफायर स्वतःच शिट्टी मारू लागतो किंवा बोटीच्या इंजिनासारखा फटफटतो, आणि दोष ऑसिलेटरमध्ये शोधला जातो.

आवाजच आला नाही तर?

आधी मल्टिमीटरने आयसीच्या पायावरच व्होल्टेज मोजा, बॅटरीवर नव्हे. लांब ब्रेडबोर्डच्या कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या बऱ्याचदा मधोमध तुटलेल्या असतात. डावीकडे वीज असते आणि उजवीकडे काहीच नसतं.

वीज ठीक असेल तर पाय २ वर डीसी व्होल्टेज पाहा. ऑसिलेटर चालू असेल तर मीटर साधारण निम्मा, म्हणजे ४ ते ५ व्होल्ट दाखवतो, कारण लाट निम्मा वेळ वर आणि निम्मा वेळ खाली असते. पूर्ण ९ किंवा पूर्ण ० दिसलं तर आंदोलन सुरू नाही: कपॅसिटर चुकीच्या ओळीत आहे किंवा पॉटचा पाय नीट बसलेला नाही. आयसीला बोट लावा. चटका बसला तर तो उलटा बसला आहे, बॅटरी लगेच काढा.

आवाज वाढवला की सूर खाली घसरतो, ही तक्रारही नेहमीची. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर ३८६ चा भार पडला की व्होल्टेज खचतं, आणि या ऑसिलेटरचा सूर व्होल्टेजबरोबर हलतो. दोन आयसींना दोन वेगळ्या बॅटऱ्या द्या, फक्त ऋण टोकं एकत्र जोडा. स्वस्तातल्या अडॉप्टरवर १०० हर्ट्झची घरघर ऐकू येते. ती आपल्या ५० हर्ट्झच्या घरगुती विजेची दुप्पट आहे.

तीन सूर लावले की एकमेकांना चिकटतात का?

चिकटतात, आणि तो कानाचा भास नाही. एकाच आयसीत तीन ऑसिलेटर बांधले (पाय ३-४ आणि ५-६ वर तीच जोडणी, प्रत्येकाच्या आउटपुटला आपला १०० के, तिन्हींची टोकं १ मायक्रोफॅरडच्या अधिक बाजूला एकत्र), की तानपुऱ्यासारखे सा, प, सा लावायचा मोह होतो. पण दोन ऑसिलेटर अगदी जवळ आले की एकाचा विजेचा धक्का दुसऱ्याच्या खुणा किंचित हलवतो, आणि दोघे एकाच लयीत अडकतात. सूर जुळल्यावर जी संथ लहर, जो जिवंतपणा हवा असतो, तो मरतो. दोन्ही षड्ज वेगवेगळ्या आयसींमध्ये ठेवा आणि प्रत्येक आयसीजवळ १०४ ठेवा. दोन आयसी घ्यायला सांगितले ते यासाठी.

तरीही हा तानपुरा होत नाही, हे मान्य करायला हवं. ही लाट चौकोनी आहे. तिच्यात मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे विषम उपसूरच असतात, त्यामुळे आवाज क्लॅरिनेटसारखा पोकळ लागतो. १०० केच्या जोडणीनंतर जिथे १० केचा पॉट सुरू होतो, तिथून ग्राउंडला एक १०४ लावून पाहा. वरचे उपसूर दबतात आणि आवाज मऊ होतो. हाच सगळ्यात साधा फिल्टर.

एक ऑसिलेटर दुसऱ्याला चालवतो

इथपर्यंत बटण माणूस फिरवत होता. आता ते काम विजेकडे द्यायचं, आणि मॉड्युलरपणा खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो.

एका मोकळ्या ट्रिगरच्या इनपुटची ग्राउंडची तार काढा. तिथे कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा (ऋण बाजू ग्राउंडला) आणि रेझिस्टर १०० केचा लावा. हिशेबाने सेकंदाला सुमारे एक फेरी होते. हा इतका संथ आहे की सूर ऐकू येणार नाही. त्याच्या आउटपुटला ४.७ के आणि पुढे एलईडी लावा. एलईडी लुकलुकेल. आता तो एलईडी एका एलडीआरसमोर, म्हणजे प्रकाश पडला की ज्याचा रोध कमी होतो अशा भागासमोर, तोंडाला तोंड लावून धरा आणि दोघांभोवती काळी टेप गुंडाळा, प्रकाश शिरणार नाही इतकी. हा एलडीआर ऐकू येणाऱ्या ऑसिलेटरच्या पॉटच्या जागी बसवा. सूर आपोआप वर-खाली होऊ लागेल. हिरवा एलईडी घ्या. नेहमीचा एलडीआर हिरव्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतो.

एलडीआर प्रकाश गेल्यावर लगेच पूर्ववत होत नाही, थोडा रेंगाळतो. मोजमापाच्या यंत्रात हा दोष ठरेल. संगीतात याच रेंगाळण्यामुळे सूर झटका न देता ओघळतो.

पुढची पायरी सीक्वेन्सर. सीडी ४०१७ च्या पाय १४ ला वरचा संथ ऑसिलेटर जोडला की त्याची दहा आउटपुट एकामागून एक जागी होतात. आठच पायऱ्या हव्या असतील तर पाय ९, म्हणजे नववं आउटपुट, पाय १५ ला जोडा. नववा टप्पा येताच मोजणी पहिल्यावर परत जाते. पाय १३ आणि ८ ग्राउंडला, १६ ला वीज. प्रत्येक पायरीला एक पॉट आणि एक १एन४१४८ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) दिला की आठ बटणांवर आठ सुरांची ओळ लावता येते. डायोड नसेल तर झोपलेल्या सात पायऱ्या जागी असलेल्या एकीला खाली ओढतात. ही ओळ वाजवायला व्होल्टेजवर चालणारा ऑसिलेटर लागतो. सीडी ४०४६ च्या पाय ९ ला ती द्या, त्याच पायापासून ग्राउंडला १०० के लावा. पाय ६ आणि ७ मध्ये ०.०१ मायक्रोफॅरड, पाय ११ पासून ग्राउंडला १०० के, पाय ५ आणि ८ ग्राउंडला, १६ ला वीज. सूर पाय ४ वर मिळतो, साधारण हजार हर्ट्झपर्यंतचा.

हे सगळं संगणकावर फुकट मिळत असताना?

आक्षेप रास्त आहे. व्हीसीव्ही रॅक हे संगणकावरचं मॉड्युलर सिंथेसायझर मोफत आहे, आणि तारा कुठून कुठे न्यायच्या हे शिकायला ते उत्तम आहे. पैसे खर्च करण्याआधी महिनाभर त्यावर काम करावं, असंच सुचवेन. पण तिथे दोन ऑसिलेटर एकमेकांना चिकटत नाहीत, बॅटरी उतरली म्हणून सूर ढळत नाही, आणि का ढळला हे शोधावंही लागत नाही. आवाज नुसता ऐकायचा असेल तर सॉफ्टवेअर पुरेसं आहे. आवाज कशाचा बनतो हे हाताला कळायला हवं असेल, तर नाही.

मोठ्या रॅककडे जाताना

१९९०च्या दशकाच्या मध्यात जर्मनीतल्या डॉपफर कंपनीने युरोरॅक नावाचं माप रूढ केलं आणि आज बहुतेक मॉड्यूल त्यातच बनतात. पट्टीची उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटीत, ३.५ मिलिमीटरचे मोनो जॅक, वीज अधिक १२ आणि ऋण १२ व्होल्ट. दोन्ही बाजूंची वीज लागते, कारण ध्वनीची लाट शून्याच्या वर आणि खाली जाते.

इथे एक चूक महागात पडते. विजेच्या चपट्या केबलची लाल कड म्हणजे ऋण १२ व्होल्ट. लाल म्हणजे अधिक, या सवयीने केबल उलटी लावली की मॉड्यूलमधले आयसी क्षणात जातात. स्वतः बांधताना दोन्ही वाटांवर एक-एक १एन५८१७ डायोड घाला. वीज पुरवणारे रेग्युलेटरही फसवतात: ७८१२ चे पाय इनपुट, ग्राउंड, आउटपुट या क्रमाने, तर ७९१२ चे ग्राउंड, इनपुट, आउटपुट. ७९१२ ची धातूची पाठ इनपुटला जोडलेली असते, म्हणून दोघांना एकाच पत्र्यावर अभ्रकाच्या चकतीशिवाय कसू नका. आणि २३० व्होल्टच्या वायरिंगला नवख्याने हात घालू नये. शिकेपर्यंत ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडा आणि मधला जोड ग्राउंड माना. अधिक-ऋण ९ व्होल्ट मिळतात, आणि टीएल ०७२ सारखे आयसी त्यावर चालतात.

एका व्होल्टला एक सप्तक

४०४६ वर सुरांची ओळ लावून ती वरच्या सप्तकात न्यायला गेलात की ती बेसूर होते. समान व्होल्टेजला तो समान हर्ट्झ देतो, आणि कान तसं मोजत नाही. २०० हर्ट्झच्या षड्जात १०० मिळवले की ३०० होतात, तो पंचम. तेच १०० वरच्या, ४०० हर्ट्झच्या षड्जात मिळवले की ५०० होतात, आणि तो शुद्ध गंधार. कान बेरीज नाही, पट ओळखतो.

म्हणून मोग यांनी नियम धरला: एक व्होल्ट वाढला की हर्ट्झ दुप्पट. आता सा ते प हे अंतर कुठल्याही सप्तकात ०.५८५ व्होल्टच राहतं. व्होल्टचं असं दुपटीत रूपांतर ट्रान्झिस्टर करतो, आणि ट्रान्झिस्टर तापमानाला हळवा असतो. एका अंशाला सुमारे तीनशेव्या हिश्श्याचा फरक पडतो. तीन सप्तकं दूरच्या सुरात तो १० मिलिव्होल्टइतका होतो, म्हणजे ऐकू येण्याइतका. यावर अंशाला ३,३०० पीपीएमने, म्हणजे ०.३३ टक्क्याने, बदलणारा खास रेझिस्टर लावतात, किंवा सीईएम ३३४० सारखा आयसी घेतात, ज्यात ही दुरुस्ती आतच असते. लाटव्हियातल्या अल्फा कंपनीचा एएस ३३४० ही त्याचीच प्रत. तरीही यंत्र चालू करून अर्धा तास जाऊ द्या आणि मग सूर लावा.

भारतीय कानासाठी या पद्धतीत एक मोठी सोय दडलेली आहे. कीबोर्डचा गंधार ०.३३३ व्होल्टवर बसवलेला असतो. तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार ०.३२२ वर आहे, ११ मिलिव्होल्ट खाली. व्होल्टेजला मधल्या जागांची मनाई नाही, त्यामुळे मल्टिटर्न ट्रिमरने, म्हणजे अनेक फेऱ्यांत बारीक फिरवायच्या छोट्या पॉटने, तो नेमका तिथे आणता येतो. मींड हवी असेल तर सुराचं व्होल्टेज १ मेगाओहमच्या पॉटमधून न्या आणि पुढे ग्राउंडला ०.४७ मायक्रोफॅरड लावा. व्होल्टेज आधी वेगाने आणि सुराजवळ येताना हळू सरकतं, गळा उतरतो तसंच. त्यानंतर टीएल ०७२ चा बफर, म्हणजे व्होल्टेज तेच ठेवून पुढचा भार स्वतः पेलणारा टप्पा, हवाच. तो गाळला तर ऑसिलेटरचं साधारण १०० केचं इनपुट त्या १ मेगाओहमपुढे फारच हलकं पडतं, पॉट पूर्ण फिरवलेला असताना व्होल्टेजचा अकरावा हिस्साच पुढे जातो, आणि पंचमाकडे निघालेली मींड षड्जापासून एक श्रुतीभर सरकून थांबते.